वय वंदना कार्ड हातात आलं. आता मेडिक्लेम सोडायचा का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७. आईवडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. वडील ७४ वर्षांचे, सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना रक्तदाब आहे आणि सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे. आईला मधुमेह आहे, गुडघे दुखतात. दोघांचा मिळून पाच लाखांचा खासगी मेडिक्लेम आहे आणि त्याचा हप्ता अकरा वर्षं ताईच भरतात. यंदा तो ८४ हजारांवर गेलाय आणि भरण्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मध्यंतरी ग्रामपंचायतीत शिबिर झालं, त्यात गावच्या आशा कार्यकर्तीनं वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (७० वर्षांवरच्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं सरकारी कार्ड) काढून दिलं. आईचं निघालं नाही, कारण आधारवर तिचं वय ६८ आहे. ते तिला मान्य नाही. "महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी पहिलीत होते, शाळेत पेढे वाटले होते," असं ती सांगते.

न्यू जर्सीतल्या भावाचं म्हणणं, सरकार पाच लाख देतंय तर एवढा हप्ता कशाला भरायचा? विम्याचा एजंट म्हणतो, ते कार्ड कुठेच चालत नाही. वडिलांनी कार्ड कपाटात ठेवून दिलंय. "आपल्याला देवानं दिलंय, गरिबाच्या ताटातलं कशाला ओढायचं?" असं ते म्हणतात. ताईंचा प्रश्न एवढाच आहे: मेडिक्लेम बंद केला तर चालेल का?

ताई,

यंदा बंद करू नका. तारीख जवळ आली आहे म्हणून हे आधी सांगून टाकते.

तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत आणि तिघंही वडिलांच्या कार्डाबद्दल बोलताहेत. पण तुमच्याकडच्या कागदांवरून मला दिसतं ते असं की मेडिक्लेम बंद केला तर सगळ्यात जास्त उघड्यावर येईल ती आई. तिचं कार्ड नाही आणि तुमच्या घरातल्या चर्चेत तिचं नावही फारसं नाही. तिच्याकडे मी येतेच, आधी कार्डाचं बघू.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, ती मुख्यतः गरीब कुटुंबांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, घर कुणाच्या नावावर आहे, मुलगा परदेशात आहे का, असलं काही विचारलं जात नाही. आधारवरचं वय बघतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळे वडिलांचा स्टेंट आड येत नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड मिळतं, ते घेतलं म्हणून मेडिक्लेम सोडावा लागत नाही. "हे की ते" अशी निवड तुम्ही दोघा भावंडांनी स्वतःच मांडून घेतली आहे, योजनेनं तसं काही म्हटलेलं नाही.

भावाला एक गोष्ट समजावून सांगा. तो अमेरिकेत राहतो, तिथे ६५ व्या वर्षी मेडिकेअर लागू होतं, त्यात रुग्णालयाचा भाग असतो आणि ठरावीक मासिक हप्ता भरून डॉक्टरांकडच्या तपासण्यांचाही. त्याच्या डोक्यात बहुधा तेच चित्र आहे. वय वंदना कार्ड तसं नाही. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं, किंवा डायलिसिस, केमोथेरपी यांसारख्या उपचारांना. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्या काळातल्या त्या आजाराच्या तपासण्या आणि औषधं त्यात येतात. वडिलांच्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, आईची दर तीन महिन्यांची साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, यातलं काहीही त्यात नाही. तुमच्या मेडिक्लेममध्येही बहुतेक नसेलच, पॉलिसी उघडून बघा.

आणि पाच लाख हे प्रत्येकी नाहीत. उद्या आईलाही कार्ड मिळालं तर दोघांत मिळून वर्षाला पाच लाख. (ज्या कुटुंबांना आधीपासून आयुष्मान योजना लागू आहे, त्यांच्या घरातल्या ७० वर्षांवरच्यांना मात्र हे पाच लाख कुटुंबाच्या पाच लाखांखेरीज वेगळे मिळतात. त्यांच्याकडे जुनं कार्ड असलं तरी वय वंदनासाठी नव्यानं नोंदणी करावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.)

आता एजंट. "कुठेच चालत नाही" हे खोटं आहे, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. योजना रुग्णालयाला प्रत्येक उपचारासाठी ठरलेली पॅकेजची रक्कम देते. ती परवडत नाही म्हणून मोठी खासगी रुग्णालयं बऱ्याचदा योजनेत येत नाहीत. जी येतात ती सगळ्या विभागांसाठी येतीलच असंही नाही. एखाद्या रुग्णालयाच्या दारावर योजनेचा फलक असतो, पण ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, असतं फक्त हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी. तिथे छातीत दुखणारा माणूस नेला तर कार्ड बघून ते मान हलवतात, आणि मग माणूस घरी येऊन सांगतो की कार्ड चालत नाही.

म्हणून विम्याच्या आधी दवाखाना ठरवा, असं मी या सदराला पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. वडिलांना पहाटे दोनला छातीत कळ आली तर गाडी कुठे वळेल? सातारा, कराड, की थेट पुणे? तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही मनातल्या मनात पुणं धरलंय, तुमच्या घराजवळचं मोठं रुग्णालय धरलंय. वडिलांनी काय धरलंय ते विचारलंत का? बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना गावाजवळ, ओळखीच्या डॉक्टरांकडे राहायचं असतं. भाऊबंद डबा घेऊन येऊ शकतील अशा ठिकाणी. वडिलांचं उत्तर "सातारा" असेल तर कार्डाची किंमत एकदम वाढते. "पुणं, आणि तेच रुग्णालय" असं असेल तर कार्ड जवळ ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

ठरलं की एका सकाळी त्या रुग्णालयात स्वतः जा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना योजनेबद्दल मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, बहुधा बिलिंगच्या खिडकीजवळ. त्या मुलाला किंवा मुलीला वडिलांच्या अँजिओप्लास्टीचे कागद दाखवून विचारा: हृदयरोगासाठी तुम्ही योजनेत आहात का? पुन्हा स्टेंट घालायची वेळ आली तर या कार्डावर होईल का? पक्षाघात झाला तर? खुब्याचं हाड मोडलं तर? रात्री या टेबलावर कोण असतं? आरोग्यमित्र ही माणसं दिवसभर असल्याच प्रश्नांत असतात, नीट विचारलं तर नीट सांगतात. महाराष्ट्रात काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवल्या आहेत, त्या खासगीत योजनेतून होत नाहीत. त्यांची यादीही त्यांच्याचकडे मिळेल. वडिलांचे जुने कागद एका पिशवीत घालून ठेवा, कारण पूर्वमंजुरीसाठी तेच लागतात.

दाखल करताना काय होतं तेही सांगते, म्हणजे ऐनवेळी गडबडणार नाही. रुग्णालय कार्ड तपासतं, आजाराचे रिपोर्ट संगणकावर चढवतं आणि पूर्वमंजुरी मागवतं. मंजुरी आली की त्या उपचारासाठी पैसे मागायचे नाहीत, असा नियम आहे. जीवावर बेतलेलं असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र योजनेचं रुग्णालय शोधत फिरू नका, जवळ जे असेल तिथे न्या.

खाट साधारण वॉर्डातली मिळते. वडिलांना हे आधीच सांगा. आयुष्यभर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही कदाचित, पण वेगळ्या खोलीची सवय असलेल्या घरांत इथेच पहिली ठिणगी पडते. "फरक आम्ही भरतो, खोली द्या" हे पॅकेजमध्ये बसत नाही. त्याच मुक्कामात अर्धं कार्डावर आणि अर्धं मेडिक्लेमवर, असंही गृहीत धरू नका. एका वेळी एक, असाच हिशेब मनाशी ठेवा.

डिपॉझिट मागितलं, "हे इंजेक्शन योजनेत येत नाही, बाहेरून आणा" असं म्हणाले, तर आधी आरोग्यमित्राला सांगा आणि पावती मागा. पावती मागितली की निम्म्या मागण्या तिथेच विरतात. तरी भागलं नाही तर १४५५५ हा केंद्राचा क्रमांक आहे आणि महाराष्ट्रातल्या योजनेसाठी १५५३८८. कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. कुणी "फी" म्हणून हजार-पाचशे मागत असेल तर तिथून उठा.

आता आई.

तिच्यासमोर दोन वाटा आहेत आणि पहिली आजच चालू होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर मिळायची. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सगळ्या रहिवासी कुटुंबांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. यात वयाची अटच नाही. म्हणजे तुमची आई ६८ ची असो की ७१ ची, तिला आजही सरकारी कवच आहे आणि ते तुमच्या पत्रातल्या एकाही माणसाला ठाऊक नाही. बघायचं एवढंच की शिधापत्रिकेवर तिचं नाव आहे का, ते आधारवरच्या नावाशी जुळतं का, आणि शिधापत्रिकेची नोंद ऑनलाइन झाली आहे का. एका ठिकाणी "सुमन" आणि दुसऱ्या ठिकाणी "सुमनबाई" असलं तरी दाखल करताना तासभर जातो. तहसील कार्यालयातलं हे काम आता उरकून घ्या, दवाखान्याच्या पायरीवर नको.

दुसरी वाट आधारवरच्या वयाची. पेढ्यांची आठवण मला खरी वाटते. १ मे १९६० ला ती पहिलीत असेल तर जन्म ५३-५४ चा निघतो आणि ७० कधीच पूर्ण झाली. आधारवर तिची तारीख १ जून असेल, अशी मला जवळजवळ खात्री आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, गुरुजींच्या कृपेनं. पण आठवण आधार केंद्रावर चालत नाही, कागद लागतो. तो तिच्या माहेरच्या गावातल्या शाळेत असू शकतो. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत प्रवेशाचं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं, अर्ज केला की मुख्याध्यापक त्यातला उतारा किंवा दाखला देतात. त्यावर माहेरचं नाव असणार, त्यामुळे लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावाही जोडावा लागेल.

एक धोक्याची सूचना देते. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. त्यामुळे रजिस्टर बघितल्याशिवाय अर्ज करू नका. रजिस्टरातही आधारवरचंच साल निघालं तर विषय सोडून द्या आणि ७० व्या वाढदिवसाची वाट बघा, तोवर फुले योजना आहे. आणि तारीख बदललीच तर पॅन, बँक, मेडिक्लेम सगळीकडे एकसारखी करून घ्या. मेडिक्लेम कंपनीला कळवायचं राहिलं तर दावा करताना वयातला फरक त्यांच्या हातात सापडेल. वय वाढलं की हप्ताही वाढेल, हे ध्यानात ठेवा.

कार्डासाठी ठसे घेताना त्रास होईल. आयुष्यभर राख लावून भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही आणि त्या खुर्चीवर बसलेली बाई ओशाळी होते. तुमच्या आईचं तसं झालं तर आयुष्मान ॲपवर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, केंद्रावरच्या माणसाला तसं सांगा. तेही नको असेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल कुणाकडे आहे ते मात्र बघा. बऱ्याच घरांत तो नंबर परगावच्या मुलाचा असतो किंवा कधीच बंद पडलेला असतो.

मेडिक्लेमकडे येते. तुमच्या भावाचं गणित ८४ हजार विरुद्ध शून्य असं आहे. मी ते वेगळं मांडीन. ही पॉलिसी अकरा वर्षं जुनी आहे. जुन्या आजारांवरच्या दाव्यासाठी सुरुवातीला जी वर्षं थांबावं लागतं, ती संपलेली आहेत. आणि सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज "तुम्ही आजार लपवला" म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. हे सगळं हप्ते भरून कमावलेलं आहे आणि पॉलिसी तुटली की एका दिवसात जातं. एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची मर्यादा नियमातून गेली, हे खरं. पण कंपनीनं ७४ वर्षांच्या, स्टेंटवाल्या माणसाला द्यायलाच हवी असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि दिली तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. दोन वर्षांनी पस्तावून परत यायचं म्हटलं तर दार बंद असू शकेल.

तरी ८४ हजार ही लहान रक्कम नाही आणि तुम्ही एकट्या ती भरता. ती कमी करता येते का ते बघू. पहिलं, कोटेशन नीट वाचा: वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झालाय, तो धरलेला नाही ना? दुसरं, गेल्या वर्षीच्या हप्त्याशी तुलना करा. विमा नियामकानं जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल. वाढ त्याहून मोठी दिसली तर एजंटला न विचारता कंपनीला लेखी विचारा.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमची पॉलिसी दोघांत मिळून आहे आणि अशा पॉलिसीत हप्ता सहसा मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे आईसाठीही तुम्ही ७४ वर्षांच्या माणसाचा दर मोजताय. दोघांच्या पॉलिसी, मागची वर्षं धरून, वेगळ्या करता येतील का आणि प्रत्येकाचा हप्ता किती पडेल, हे लेखी मागवा. आईचा आकडा आवाक्यातला निघाला तर तिची चालू ठेवायची आणि वडिलांचा प्रश्न निराळा सोडवायचा. त्यांच्या पॉलिसीत खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायची अट, म्हणजे को-पे, घेऊन हप्ता उतरतो का ते विचारा. दुसऱ्या कंपनीत जायचं तर अर्ज मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी करावा लागतो. यंदा ती वेळ टळली आहे, पुढच्या वर्षीसाठी दिवाळीतच विषय काढा.

आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर पालकांच्या हप्त्यावर आयकरात ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

माझा सल्ला असा की या वर्षी भरा आणि निम्मे पैसे भावाकडून घ्या. सल्ला देणाऱ्यानं सल्ल्यापुरता तरी भार उचलावा. येत्या वर्षात कार्ड कुठे कुठे चालतं ते पक्कं करा, आईचा दाखला शोधा, पॉलिसी वेगळी करायचं उत्तर मिळवा. वर्षभरानंतर साताऱ्यातलं रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत आहे असं ठरलं, वडिलांना तिथेच जायचं आहे असंही ठरलं, तर त्यांचा मेडिक्लेम सोडणं मला मूर्खपणाचं वाटणार नाही. वाचलेल्या पैशांचा वेगळा साठा मात्र करा. म्हातारपणातला मोठा खर्च बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा नसतोच. खुब्याचं हाड मोडून माणूस घरी आला की तीन महिने चोवीस तासांची बाई ठेवावी लागते, डायपर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या, आणि याला ना कार्ड चालत ना मेडिक्लेम.

रोजच्या गोळ्यांचा खर्चही कमी करता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब-मधुमेहाची साधी औषधं मिळतात. वडील तिथे जायला नाखूश असतील तर जनऔषधी दुकानातून तीच औषधं स्वस्तात घ्या, डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. "गरिबाच्या ताटातलं" असं म्हणणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. त्यांना व्याख्यान देऊ नका. एवढं सांगा की या योजनेत गावासाठी ठरलेला कोटा नाही. त्यांनी कार्ड वापरलं म्हणून शेजारच्याचं कमी होत नाही, त्याच्या घराचे पाच लाख त्याच्याच घराचे. आणि ७० वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं हा निर्णय श्रीमंत-गरीब बघून घेतलेलाच नाही. त्यांना तरीही पटलं नाही, तर साध्या दुखण्याला मेडिक्लेम वापरा आणि मोठ्या दुखण्यात मेडिक्लेमची रक्कम संपली तर पुढच्या वेळी दाखल होताना कपाटातलं कार्ड वापरा, अशी तडजोड त्यांना मान्य होईल असं वाटतं. तेव्हा ते कार्ड कुठल्या कप्प्यात आहे हे आईलाही माहीत हवं.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी बरीच येतात, त्यातल्या काहींची परिस्थिती वेगळी असते, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची सरकारी आरोग्य योजना असेल, तर त्यांना जुनी सोय आणि वय वंदना यांतलं एक निवडावं लागतं. या दोन्ही जुन्या सोयींत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं मिळतात, तेव्हा शिबिराच्या उत्साहात ती सोडून येऊ नका. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, असलेल्यांना असं निवडावं लागत नाही, दोन्ही राहतं. कारखान्यातून ईएसआयसीत असतानाच निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षं विमित असलेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सोय चालू ठेवता येते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांनी ती सोडून दिली आहे. गोव्यात राहणाऱ्यांनी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना बघावी, त्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत कवच आहे, वय ७० नसलं तरी. आणि ज्यांचे आईवडील वर्षातले सहा महिने बंगळुरूला किंवा बडोद्याला मुलाकडे असतात, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वय वंदना कार्ड परराज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालतं. फुले योजनेच्या भरवशावर तसं निघू नका.

ताई, तुमच्या हप्त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती गेली तरी पैसे भरायला तीस दिवसांची सवलत मिळते आणि एजंट म्हणेल की घाई नाही. वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना त्या तीस दिवसांत दावा करता येत नाही. पॉलिसी वेगळी करण्याबद्दल कंपनीचं उत्तर यायला उशीर झाला तरी तारखेच्या आत आहे तशी भरून टाका, बदल पुढच्या वर्षी करू.